दोन लालबागा

लखनौच्या नकाशावर बागांची नावे जितकी आहेत तितक्या बागा त्या शहरात आता नाहीत. चारबाग म्हटले की रेल्वेचे स्टेशन डोळ्यांसमोर येते. आलमबागेत बसगाड्यांचा तळ आहे आणि दाट बाजार आहे. बादशाहबागेत विद्यापीठ भरते, कैसरबागेत कचेऱ्यांची आणि वकिलांची वर्दळ असते, आणि लालबागेत महानगरपालिकेचे कार्यालय आहे. बाग गेली, तिचे नाव मात्र टपालाच्या पत्त्यात राहिले.

२०१३ सालच्या मे महिन्यात पुष्पक एक्सप्रेसने चारबागेत उतरलेल्या एका मराठी आजीला यातले काहीच ठाऊक नव्हते. मुलगा केंद्र सरकारच्या नोकरीत. त्याची बदली अलीगंजच्या केंद्रीय भवनातील एका कार्यालयात झालेली. पतीच्या निधनाला तेव्हा वर्षही उलटले नव्हते. मुंबईची खोली बंद करून, कुलपाची एक किल्ली धाकट्या दिराकडे ठेवून आणि दुसरी आपल्या बटव्यात घालून ती निघाली होती. रिक्षा हजरतगंजच्या दिशेने जात असताना एका दुकानाच्या पाटीवर तिला 'लालबाग' ही अक्षरे दिसली आणि ती चटकन म्हणाली, "अरे, हे बघ, इथं पण लालबाग!" साऱ्या प्रवासात तिने उत्साहाने उच्चारलेले ते पहिलेच वाक्य होते. तिचा जन्म, लग्न आणि संसार ही तिन्ही मुंबईच्या लालबागमध्ये झाली होती.

मराठीत बाग स्त्रीलिंगी आहे, हिंदी-उर्दूत पुल्लिंगी. आजी अखेरपर्यंत 'आपकी बाग अच्छी है' असेच म्हणत राहिली आणि अलीगंजच्या बायका ते न सुधारता ऐकत राहिल्या. ज्या शहरात 'पहले आप' हा शिष्टाचाराचा पहिला पाठ समजला जातो तेथे परक्या बाईचे लिंग-वचन दुरुस्त करणे बहुधा असभ्यपणाचे ठरत असावे.

मुंबईच्या लालबागमध्येही बाग नाही. गिरणगावाचा तो गाभा. चाळीची लांब गॅलरी, दहा बाय बाराची खोली, खोलीत आठ माणसे, आणि दिवसाचे तीन तुकडे करणारे गिरणीचे भोंगे. तळकोकणातून आलेल्या त्या कुटुंबांच्या गावाकडच्या घरांना अंगण होते, मागे परडे होते, परड्यात केळी आणि अळू होते. मुंबईत यातले काही आणता आले नाही. तुळस तेवढी आली, तीही रॉकेलच्या डब्यात. साहजिकच ज्याला मोकळे आकाश म्हणावे ते या माणसांना दोनच ठिकाणी मिळे, एक समुद्रकाठी आणि दुसरे राणीच्या बागेत. समुद्र तसा दूर. राणीची बाग चिंचपोकळीवरून पायी जाण्याच्या अंतरावर.

या बागेचा जन्म बागेच्या जागी झाला नाही, ही गोष्ट फारशी कुणाच्या ध्यानात नसते. शेतकी आणि फुलझाडांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेची बाग आधी शिवडीला होती. ती जागा गोऱ्यांच्या दफनभूमीसाठी हवी झाली, आणि झाडांना भायखळ्याकडे यावे लागले. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रियर यांच्या हस्ते नवी बाग खुली झाली आणि तिला व्हिक्टोरिया राणीचे नाव मिळाले. १८७३ साली ती नगरपालिकेकडे आली. आवारातील संग्रहालयाची इमारत त्याच्या आदल्या वर्षी, १८७२ साली, लोकांसाठी उघडली होती. त्या संग्रहालयाला १९७५ साली डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले, आणि बागेला यथावकाश वीरमाता जिजाबाई भोसले यांचे. लोकांनी मात्र 'राणीची बाग' हेच चालू ठेवले. राणी कोणती, हे बोलणाऱ्याच्या मनात क्वचितच असते.

आजीच्या लहानपणी, म्हणजे साठाच्या सुमारास, गिरणीला सुट्टी असेल त्या दिवशी चाळीतली दहाबारा मुले आणि दोनतीन बायका अशी वरात तेथे जाई. फडक्यात बांधलेल्या चपात्या, सुकी भाजी, लोणचे. हत्तीवर बसण्याचे पैसे सगळ्यांसाठी नसत. मग चिठ्ठ्या टाकून दोघांना बसवायचे आणि बाकीच्यांनी हत्तीबरोबर चालायचे. संग्रहालयाशेजारी घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्याचा घाट घातला होता. उचलताना तो कोसळून त्याचे तुकडे झाले, आणि १९१४ साली ते तुकडे जोडून तो येथे उभा केला गेला. हा इतिहास मुलांना ठाऊक नव्हता. जिवंत हत्तीवर बसायला न मिळालेली मुले दगडी हत्तीपाशी जाऊन उभी राहत, एवढेच आजीला आठवते.

तिला झाडे अधिक आठवतात. बुंध्याला चार जणांनी मिठी मारावी अशी गोरखचिंच. खोडालाच फुले फुटणारा कैलासपती. आणि उर्वशी, जिची लाल-पिवळी झुंबरे बघायला माळी बोलावून नेत असे. या बागेत २८६ जातींची तीन हजारांहून अधिक झाडे आहेत अशी मोजणी पुढे झाली. २००७ सालच्या सुमारास प्राणिसंग्रहालयाच्या भव्य नूतनीकरणाचा आराखडा पुढे आला तेव्हा झाडांची बाजू घेऊन उभ्या राहिलेल्यांत मुंबईतल्या काही स्त्रिया आघाडीवर होत्या. पिंजरे बघायला येणारी माणसे झाडांच्या सावलीत बसतात, मात्र झाडे बघत नाहीत, अशी या बागेबद्दलची जुनी तक्रार आहे. ती पूर्णपणे खरी नाही. सावलीत बसणे हादेखील झाड बघण्याचाच एक प्रकार आहे.

या बागेशी आजीचे आणखी एक नाते होते, आणि ते तिने सुनेला फार उशिरा सांगितले. १९७० साली लग्न झाले तेव्हा त्या खोलीत सासूसासरे, दोन दीर, एक नणंद आणि गावाहून आलेला एक पाहुणा अशी माणसे होती. नवराबायकोला चार शब्द बोलायला जागा नव्हती. ती दोघे महिन्यातून एखाददा राणीच्या बागेत जात आणि एका बाकावर, मध्ये पिशवी ठेवून, संध्याकाळपर्यंत बसत. काय बोललो ते आठवत नाही, ती म्हणाली. घरी जाताना वेगवेगळ्या वाटांनी जायचो, हे आठवते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तो कधी संपलाच नाही. त्या वर्षी नवरा सकाळी घराबाहेर पडे आणि दिवसभर त्याच बागेत बसून राही. मुलाला शाळेतून आणताना तिने त्याला एकदा तेथे पाहिले होते. ती हाक न मारता परतली.

संस्कृत नाटकांचा अभ्यास करणाऱ्याला बाग म्हटले की प्रमदवन आठवते. 'मालविकाग्निमित्रा'तही ते आहे आणि 'शाकुंतला'तही. राजवाड्याला लागून असलेली, अंतःपुराच्या स्त्रियांसाठी राखलेली ती जागा. तेथे राजा झुरतो आणि विदूषक त्याची समजूत घालतो. सामान्य माणसाला तेथे जायचे असेल तर नोकर म्हणूनच. 'शाकुंतला'च्या सहाव्या अंकाच्या आरंभी बागेची राखण करणाऱ्या दोन मुली आंब्याचा मोहोर खुडतात आणि कंचुकी त्यांच्यावर खेकसतो. राजा दुःखात आहे, वसंतोत्सव बंद आहे, ही बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचलेली नसते. 'फूल तोड़ना मना है' ही पाटी आपल्याकडे किती जुनी आहे, याचा हा पुरावाच म्हणता येईल. फूल न तोडण्याचे कारण तेवढे बदलले. तेव्हा ते राजाचे होते म्हणून तोडायचे नव्हते, आता सर्वांचे आहे म्हणून तोडायचे नाही.

लखनौच्या नबाबी बागा याच प्रमदवनाच्या वंशातल्या. आलमबाग वाजिदअली शाहाने आपल्या आलम आरा बेगमेसाठी बांधली, सिकंदरबाग सिकंदर महलसाठी. एका स्त्रीसाठी एक बाग, आणि भोवती उंच भिंत. ती भिंत इतकी भक्कम होती की १८५७ साली सिकंदरबागेचा किल्ला झाला. १६ नोव्हेंबरच्या लढाईत तेथे दोन हजारांच्या आसपास शिपाई मारले गेले. आज तिच्या शेजारी वनस्पतिशास्त्राची राष्ट्रीय संस्था आहे. तेथे हिवाळ्यात शेवंतीची आणि गुलाबांची प्रदर्शने भरतात, आणि त्या दिवसांत सारे लखनौ मुलाबाळांना घेऊन तेथे लोटते. कैसरबागेतल्या परीखान्यात, जेथे नबाबाच्या पऱ्या गाणे आणि नृत्य शिकत, तेथे वाळकेश्वरला जन्मलेल्या एका मराठी माणसाच्या प्रेरणेने १९२६ साली निघालेले संगीताचे विद्यालय आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे नाव त्या संस्थेला १९६६ साली मिळाले. मुलाने आजीला मुद्दाम नेऊन ती इमारत दाखवली. आजीने भातखंड्यांचे नाव ऐकले नव्हते. तिने आतून येणारी तंबोऱ्याची सूर लावण्याची खटपट थोडा वेळ ऐकली आणि विचारले, "इथं बसायला कुठं आहे का?"

हा प्रश्न तिने लखनौत सर्वत्र विचारला. २०१४ सालच्या ऑगस्टमध्ये गोमतीनगरात जनेश्वर मिश्र पार्क खुला झाला. ३७६ एकर. राणीच्या बागेसारख्या सातआठ बागा त्यात सामावतील. तळे आहे, नावा आहेत, सायकली आहेत. नातवंडांना तो फार आवडला. आजी दमली. एवढ्या विस्तारात माणूस ओळखीचे होत नाही, असा तिचा आक्षेप होता. आणि विचार केला तर तो नगररचनेच्या शास्त्रातलाही एक गंभीर आक्षेप आहे. अलीगंजमध्येच आंचलिक विज्ञान नगरी आहे, १९८९ पासूनची. तिच्या आवारात आवाजाचे, आरशाचे, तराजूचे खेळ मांडले आहेत. तेथे मुलांबरोबर जायला तिला आवडे, कारण मुले खेळत असताना मोठ्यांना तेथे काही करावे लागत नाही.

मोठ्या मनुष्याला, विशेषतः बाईला, काही न करता उघड्यावर बसण्याची परवानगी आपल्या समाजात फार थोड्या जागा देतात. देवळात बसले तर ते देवासाठी. ओट्यावर बसले तर तांदूळ निवडण्यासाठी. दुकानात, दवाखान्यात, स्टेशनात कारणाशिवाय बसता येत नाही. सार्वजनिक बाग ही एकच जागा अशी आहे की जेथे बसण्याला कारण लागत नाही. आणि तरी बायका तेथे जाताना कारण बरोबर नेतात. बहुतेकदा ते कारण म्हणजे मूल असते. मुलाला खेळायला आणले आहे, असे म्हणता येते. या दृष्टीने घसरगुंडी मुलांसाठी असते तितकीच आयांसाठीही असते.

ज्या बागेत आजी रमली ती अशीच एक बिननावाची बाग. अलीगंज ही आखून वसवलेली वसाहत; सेक्टर, सेक्टरात घरांच्या रांगा, आणि रांगांच्या मध्ये ठरावीक अंतराने एक चौकोनी पार्क. लोखंडी गजांचे कुंपण, आत चार-पाच अशोक, दोन कडुनिंब, झोपाळ्याचे दोन सांगाडे, सिमेंटचे बाक, आणि एका कोपऱ्यात कुंपणाच्याही आधीचा असावा असा वड. कुंपण घालणाऱ्यांनी त्याला वळसा न घालता गज थेट बुंध्यापर्यंत आणून टेकवले होते. त्यामुळे वड अर्धा पार्कात आणि अर्धा रस्त्यावर होता. फाटकाशी पाटी होती: फूल तोडू नये, क्रिकेट खेळू नये, कुत्री आणू नयेत. तीनही गोष्टी तेथे रोज घडत.

मुंबईच्या बागेला बारा महिने एकच घड्याळ असते. लखनौच्या बागेला दोन. मे-जूनमध्ये लू वाहू लागली की सकाळी आठनंतर पार्कात चिमणीही दिसत नाही. माणसे सूर्य बुडाल्यावर येतात आणि रात्री दहापर्यंत बसतात. डिसेंबर-जानेवारीत याच्या उलट. धुके विरले की बारा वाजता खाटा, सतरंज्या, लोकरीचे गुंडे आणि भुईमुगाच्या शेंगा यांसह साऱ्या गल्लीतल्या बायका उन्हात येऊन बसतात. मटार सोलले जातात, भांडणे मिटवली जातात, मुलींची स्थळे बघितली जातात. आजीला पहिल्या हिवाळ्यात कुणीतरी सोलण्यासाठी मटारची परात दिली. ओळख करून देण्याचा याहून सोपा मार्ग क्वचितच असेल. मार्च येईतो ती 'माताजी' झाली होती, आणि मुलांची 'बंबईवाली दादी'.

दुसऱ्या वर्षी तेथे चौकीदार नेमला गेला. बागेत 'गैर' लोक येतात अशी काही रहिवाशांची तक्रार होती. 'फ़ैमिली पार्क' हा शब्द याच सुमारास कानांवर येऊ लागला. कुटुंबांसाठी राखलेली जागा, असा त्याचा सरळ अर्थ. पण शब्दाचा उपयोग होई तो आत घेण्यासाठी नव्हे, बाहेर काढण्यासाठी. एकटा बसलेला पुरुष, फेरीवाला, बाकावर झोपलेला रिक्षावाला आणि सर्वांत आधी तरुण जोडपी यांना चौकीदार उठवी. त्याचे तरी काय चुकले म्हणावे? कुटुंब ओळखण्याची खूण त्याला कुणी सांगितली नव्हती. मूल बरोबर दिसले की कुटुंब, एवढेच त्याला समजले होते.

एका संध्याकाळी आजीच्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक मुलगा आणि एक मुलगी येऊन बसली. मध्ये पिशवी होती. चौकीदार काठी आपटीत येऊ लागला तशी दोघे उठण्याच्या बेताला आली. आजी त्यांच्याकडे न बघता चौकीदाराला म्हणाली, "मेरे साथ है, भैया." चौकीदाराने क्षणभर तिघांकडे पाहिले. मग तो झोपाळ्याकडच्या मुलांना हाकलायला गेला. त्यानंतर बाकावर कुणी काही बोलले नाही. ही हकीकत तिने घरी सांगितली तेव्हा सून हसली आणि म्हणाली, "आई, तुम्ही पण ना!" राणीच्या बागेतल्या पिशवीची गोष्ट सुनेला त्या रात्री कळली.

२०१८ च्या दिवाळीत सारे मुंबईला आले. भावोजींचे फोन वर्षभर चालू होते. चाळ पाडून मनोरा उठायचा होता आणि संमतिपत्रावर वहिनींची सही राहिली होती. नातवंडांना पेंग्विन बघायचे होते; कोरियातून २०१६ साली आणलेल्या हंबोल्ट पेंग्विनांनी राणीच्या बागेला पुन्हा गर्दी मिळवून दिली होती. २०१७ पर्यंत तेथे मोठ्या माणसाला पाच रुपये पडत. मग दर बदलले: चौघांच्या कुटुंबाला शंभर रुपये, आणि कुटुंब म्हणजे आईवडील व दोन मुले. दरफलक वाचून आजीने नातीला विचारले, "म्हणजे मी कोण गं?" नात म्हणाली, "तू आजी." उत्तर बरोबरच होते. दरफलकाची आणि अलीगंजच्या चौकीदाराची व्याख्या इतकी सारखी निघावी, याचे तिला हसू आले. पेंग्विन तिने काचेतून पाहिले. मग मुलांना बापाच्या स्वाधीन करून ती जुन्या बाजूला गेली. गोरखचिंच जागेवर होती. तो बाक नव्हता. बाक बदलतच असतात.

मनोऱ्याचा नकाशा भावोजींनी जमिनीवर पसरून दाखवला. खोली मोठी होणार होती, संडास आत येणार होता. ज्यांनी चाळीतल्या सार्वजनिक संडासाच्या रांगेत आयुष्य काढले त्यांना याचे मोल सांगावे लागत नाही. चाळीच्या आठवणींनी गहिवरणारे बहुतेक लोक चाळ सोडून गेलेले असतात. सहाव्या मजल्यावर हिरवा पट्टा रंगवला होता. "ही बाग," भावोजी म्हणाले. "पोडियम गार्डन."

"कुणासाठी?"

"आपल्यासाठीच, वहिनी. सोसायटीच्या मेंबरांसाठी. खाली गेट, वर लिफ्ट. बाहेरचं कुणी येणार नाही."

आजी बराच वेळ नकाशाकडे बघत होती. गिरण्या बंद पडल्या तेव्हा गिरणगावाला बागांचे आश्वासन मिळाले होते. १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी शहराला मिळायचा होता, एक तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीला, आणि उरलेला मालकाला. २००१ साली नियमात दुरुस्ती झाली, आणि हा हिशेब सबंध जमिनीऐवजी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीला लागू झाला. गिरणी म्हणजे मुख्यतः बांधकामच. वाटणीला आलेली जमीन आक्रसली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. ज्या बागा जमिनीवर व्हायच्या होत्या त्या आता सहाव्या मजल्यावर होत आहेत. नबाबांच्या बागेला भिंत होती. या बागेला उंची आहे. सिकंदरबागेची भिंत पडायला एक युद्ध लागले. उंची कशाने पडते?

आजीने संमतिपत्र बरोबर घेतले आणि लखनौला परतल्यावर सही करून टपालाने पाठवले. खोली पुतण्याच्या कामी येईल, असे तिने भावोजींना कळवले. स्वतः तेथे राहायला येण्याविषयी पत्रात काही नव्हते.

जेठाचे मंगळवार ही अलीगंजची खरी जत्रा. तेथल्या जुन्या हनुमान मंदिराच्या कळसावर चंद्रकोर आहे, आणि नबाबी काळापासून ज्येष्ठातल्या दर मंगळवारी 'बडा मंगल' साजरा होतो. रस्तोरस्ती मांडव, पुरी-भाजी, सरबत, सर्वांना. २०१९ साली पहिला बडा मंगल २१ मे रोजी आला. आजीच्या भिंतीवरच्या 'कालनिर्णया'त तेव्हा वैशाख वद्य चालू होता. उत्तरेचे महिने पौर्णिमेला संपतात, आपले अमावास्येला. त्यामुळे ज्येष्ठ तेथे पंधरा दिवस आधी सुरू होतो. आणि वडाची पूजाही तेथे अमावास्येला असते, आपल्याकडे पौर्णिमेला.

३ जूनला, सोमवती अमावास्येला, पहाटेपासून पार्काच्या वडापाशी बायकांची गर्दी झाली. बांबूचे पंखे, भिजवलेले चणे, खरबुजे. बुंध्याभोवती प्रदक्षिणा घालता येत नव्हती, कारण मध्ये गज होते. मग एकीने आत आणि दुसरीने रस्त्यावर उभे राहून गजांतून सुताचे रीळ इकडून तिकडे द्यायचे, अशी युक्ती बायकांनी केव्हापासून काढलेली होती. आजी त्या दिवशी दूरच्या बाकावर बसली होती. तिला कुणी तसे सांगितले नव्हते. विधवेला अशा दिवशी कुठे बसायचे हे सांगावे लागत नाही. पूजा आटोपल्यावर एक बाई मूठभर चणे घेऊन आली आणि म्हणाली, "माताजी, आपके यहाँ कब होता है?"

"पूनम को. पंधरा दिन बाद."

"अच्छा! तो वहाँ सावित्री को यमराज देर से मिले," असे म्हणून ती बाई हसली, आणि आजीही.

१६ जून, रविवार. वटपौर्णिमा. दुपारी मँचेस्टरला भारत-पाकिस्तान सामना होता, म्हणून पार्कातल्या मुलांनी आपला सामना सकाळी साडेसहालाच लावला होता. आजी नेहमीच्या बाकावर बसली होती. शेजारी एक मुलगा वहीत धावा मांडत होता. एवढ्यात फाटकातून एक तरुण मुलगी आत आली: नऊवारी नव्हे, साधी हिरवी साडी, हातात ताट, ताटात आंबा आणि सुताचे रीळ. तिने वडाकडे पाहिले, गजांकडे पाहिले, आणि घड्याळाकडे पाहिले. मग आजीचे कपाळ, तिची साडी नेसण्याची ढब तिने निरखली असावी.

"काकू, तुम्ही मराठी का?"

नागपूरची होती. दोन महिन्यांपूर्वी लग्न होऊन पलीकडच्या सेक्टरात आली होती. सासूने फोनवर सगळे सांगितले होते. गजांचे सासूला ठाऊक नव्हते.

"एकीनं बाहेर उभं राहायला लागतं," आजी म्हणाली. "रीळ द्यायला. कुणीतरी सवाष्ण बघ."

मुलीने सभोवार पाहिले. पार्कात बारा मुलगे, एक माळी आणि दोन कुत्री होती. "इथं आज कोण मिळणार, काकू? यांची तर झाली ना, अमावास्येला."

"मी नको गं."

"मग कोण?"

आजी काही बोलली नाही. थोड्या वेळाने ती उठली, चपला सरकवल्या, फाटकातून बाहेर गेली आणि कुंपणाच्या कडेकडेने चालत वडाच्या रस्त्याकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली. मुलीने हळद-कुंकू वाहिले, सुताचे टोक एका पारंबीला बांधले आणि गजांतून हात बाहेर काढला. आजीने रीळ घेतले, बुंध्याला टेकवत दुसऱ्या बाजूला नेले आणि पलीकडच्या गजांतून आत दिले. पंधरा दिवसांपूर्वीची सुते अजून सालीत अडकलेली होती. त्यांवरून नवे सूत बसत गेले. एक स्कूटरवाला थांबला आणि वाट देऊन कडेने गेला. आत चेंडूमागे कुणीतरी धावत आले, दोघींच्या मधून चेंडू उचलून परत पळाले. रीळ हातातून निसटले, ते आजीने वाकून उचलले, आणि फेरे किती झाले ते दोघीही विसरल्या.

"चार झाले का गं?"

"मला वाटतं पाच. की चारच?"

बाकावरच्या मुलाने वहीतून डोके वर न काढता ओरडून सांगितले, "दादी, पाँच हुए. दो बाक़ी हैं."